वयातलं अंतर आणि धर्माचा दाखला

या वेळी सगळी जागा एकाच विषयाला दिलीये. नवरा-बायकोच्या वयातल्या फरकावर इतकी पत्रं साठलीत की एकेक करून उत्तरं देत बसले असते तर वर्ष पुरलं नसतं. आणि बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच, "आपल्या धर्मात हे बसत नाही". म्हणणारं माणूस वेगळं, कधी आई, कधी मामा, कधी होणारे सासरे, पण वाक्य तेच. म्हणून म्हटलं धर्मात काय बसतं ते ग्रंथ उघडूनच बघू. पत्रं थोडी छोटी केलीत, ओळख पटेल असं सगळं काढलंय. आधीच एक सांगते, इथे जे लिहितेय ते सज्ञान माणसांच्या लग्नाबद्दल. जवळपास सगळ्याच जुन्या परंपरांत लहान मुलींच्या लग्नाचे उल्लेख सापडतात, पण ते आज कुणी दाखला म्हणून काढत असेल तर त्याच्याशी चर्चा करायची नाही, मुलीला तिथून आधी बाहेर काढायचं.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २८ चा, ती ३२ ची. तीन वर्षं ओळखतो एकमेकांना, दोघांना नोकरी आहे, बाकी कसलाच इश्यू नाही. आईला ती आवडली पण होती, वय कळलं आणि सगळं फिरलं. आता आई म्हणते बायको मोठी असणं शास्त्रात बसत नाही, नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, आणि मामा तिला रोज श्लोक फॉरवर्ड करतोय. खरंच असं काही आहे का? मला आईशी भांडायचं नाहीये, तिला समजवायचंय.

उत्तर : भांडायचं नाहीये हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण मामांचा श्लोक खोटा आहे असं म्हणून तुम्ही सुरुवात केलीत तर तिथेच हराल. श्लोक खरा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या पहिल्या अध्यायात वधू कशी असावी ते सांगताना 'यवीयसी' असा शब्द आहे, म्हणजे वयाने लहान. गौतम धर्मसूत्रात पण तोच शब्द आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा हा टीकाग्रंथ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने तर त्याचा अर्थ वयाने आणि उंचीने, दोन्हींनी कमी असा लावलाय. तेव्हा "लहान असावी" असं जुन्या शास्त्रकारांनी लिहिलंय हे मान्य करून टाका.

पण मग पुढची ओळ पण वाचायला सांगा ना. याज्ञवल्क्याच्या लगेच पुढच्याच श्लोकात वधू 'भ्रातृमती' हवी असं आहे, म्हणजे तिला भाऊ असला पाहिजे. आता मला सांगा, एकुलती एक मुलगी सून म्हणून आणताना कुणी म्हणतं का की हे शास्त्रात बसत नाही? कुणी म्हणत नाही, म्हणायलाही नको. कारण त्या अटीमागचं कारण (भाऊ नसलेल्या मुलीचा मुलगा तिच्या बापाचा वारस धरला जायचा) आता उरलेलं नाही हे सगळ्यांना कळतं. मग एका दमात सांगितलेल्या यादीतली एक अट सोडून दिली आणि दुसरी दगडावरची रेघ, हे कसं? वयाच्या अटीमागे पण त्या काळाचं कारण होतंच की, मुलगा गुरुकडे शिकून वयात येऊन परतायचा, मुलगी लहानपणीच द्यायची, मग ती लहान असणारच. आणि आयुष्य कमी होण्याबद्दल म्हणाल तर गौतम किंवा याज्ञवल्क्य त्या ठिकाणी एक अक्षर बोलत नाहीत.

आता आईंना एक गोष्ट सांगा, भांडण म्हणून नाही, गोष्ट म्हणूनच. बलराम आणि रेवतीची. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात आहे. रेवतीचा बाप, राजा रैवत, मुलीसाठी स्थळ कोणतं योग्य हे विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, तिथे गाणं चालू असतं म्हणून थोडा थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगांमागून युगं उलटून जातात, मनातली सगळी स्थळं कधीच संपलेली असतात. मग ब्रह्मदेवच सांगतो की खाली जा, बलरामाला दे. म्हणजे वधू वरापेक्षा चार वर्षांनी नाही, कित्येक युगांनी मोठी! आणि उंचही होती त्याच्यापेक्षा. बलरामाने नांगराच्या टोकाने तिची उंची तेवढी कमी केली असं पुराण सांगतं, वयाबद्दल त्याची काही तक्रार नाही. विज्ञानेश्वराच्या दोन्ही अटी मोडणारं लग्न आहे हे आणि लावून दिलंय प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने. भागवतात प्रद्युम्न आणि मायावतीची कथा आहे त्यातही ती त्याच्याहून पुष्कळ मोठी.

आणि एक. लग्नात सातव्या पावलाला जे म्हणतात ते आईंना आठवून बघायला सांगा, 'सखा सप्तपदी भव'. सात पावलं चाललीस, आता सखा हो. ऋग्वेदातलं विवाहसूक्त आहे दहाव्या मंडलात, त्यात शेवटाकडे देवांना मागणं केलंय की आम्हा दोघांची हृदयं पाण्यासारखी एक होऊ देत. वयाचा उल्लेख नाही. जे मंत्र प्रत्यक्ष लग्नात म्हटले जातात त्यांच्याकडे मी जास्त वजन टाकेन, अटींच्या यादीपेक्षा.

आईंची खरी भीती वेगळी असू शकते हां. लोक काय म्हणतील, मूल होईल ना, मुलगा तिच्या ऐकण्यात जाईल का. त्या भीतीला शास्त्राचं नाव मिळालंय फक्त. ती भीती त्यांना एकदा बोलून दाखवू दे, मध्ये तोडू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, घरच्यांनी ४३ वर्षांचं स्थळ ठरवत आणलंय. माणूस वाईट नाही, खूप सेटल आहे. पण मला नको आहे, मला त्यांच्याशी बोलताना काकांशी बोलल्यासारखं वाटतं. नाही म्हटलं की बाबा म्हणतात मनुस्मृतीत पण असंच अंतर सांगितलंय, शंकर-पार्वतीत किती अंतर होतं, च्यवन ऋषी केवढे होते, सुकन्येने संसार केलाच ना. मला उलट काय बोलायचं तेच कळत नाही. मी पाप करतेय का?

उत्तर : नाही. पहिलं हे ऐक, पाप करत नाहीयेस. (तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना, पत्र वाचताना माझ्या भाचीचाच चेहरा समोर येत होता.)

बाबा जे म्हणतायत ते एकेक करून घेऊ. मनूच्या नवव्या अध्यायात ९४ वा श्लोक आहे, तीस वर्षांच्या पुरुषाने बारा वर्षांच्या मुलीशी आणि चोवीसच्याने आठ वर्षांच्या मुलीशी लग्न करावं असा. ह्या श्लोकाचा आधार बाबांना खरंच घ्यायचाय का हे त्यांनी स्वतःला विचारावं, कारण ह्यावर चालणारा माणूस आज तुरुंगात जाईल आणि गेलाच पाहिजे. पण त्याच अध्यायात थोडंसं वर ८९ वा श्लोक आहे तो बाबांना दाखव. मुलगी वयात आली तरी मरेपर्यंत बापाच्या घरी राहिली तर राहू दे, पण तिला गुणहीन माणसाला देऊ नये. आणि लगेच पुढे ९० वा, वयात आल्यावर तीन वर्षं वाट बघावी आणि मग तिने आपल्या तोलामोलाचा नवरा आपण शोधावा. म्हणजे मनूच्याच त्या पानावर मुलीने स्वतः निवडायची सोय आहे. ते स्थळ गुणहीन आहे असं मी म्हणत नाही, तू पण म्हणत नाहीस. मी एवढंच म्हणतेय की बाबांना हवा तो श्लोक दिसला आणि त्याच्या चार बोटं वरचे दोन दिसले नाहीत.

शंकर-पार्वती. ही गोष्ट तर पूर्ण तुझ्या बाजूची आहे! त्या कथेत लग्न कोणाला हवं होतं? पार्वतीला. तप कुणी केलं? पार्वतीने. आणि नको कोण म्हणत होतं? आई, मेना. 'उमा' हे नाव कसं पडलं माहितीये ना, आई म्हणाली उ मा, अगं नको, नको करूस तप, म्हणून उमा. कालिदासाने कुमारसंभवात तेच लिहिलंय. पुढे शंकर स्वतः बटूचं रूप घेऊन येतो आणि तिच्यासमोर स्वतःचीच निंदा करतो, अंगाला राख, गळ्यात साप, कसला नवरा निवडतेस म्हणून, आणि ती त्याला गप्प करते. मुलगी ठाम आणि घरचे घाबरलेले, अशी ती कथा आहे. तुझ्याकडे घरचे ठाम आणि मुलगी घाबरलेली. तोच दाखला उलटा धरून कसा चालेल?

च्यवन-सुकन्या थोडी अवघड आहे, ती मी टाळणार नाही. तिथे मुलीला खरंच विचारलेलं नाही. राजा शर्यातीच्या माणसांवर ऋषीच्या रागाने संकट येतं आणि भरपाई म्हणून मुलगी दिली जाते, शतपथ ब्राह्मणात आहे आणि महाभारताच्या वनपर्वात पण. सुकन्या निष्ठेने राहते, अश्विनीकुमार येऊन आमच्यासोबत चल म्हणतात तर नाही म्हणते. हे सगळं खरं. पण कथा कुठे जाऊन संपते? अश्विनीकुमार च्यवनाला पाण्यात उतरवतात आणि तो तरुण होऊन बाहेर येतो. कथा रचणाऱ्यालासुद्धा ते जोडपं तसंच म्हातारा-तरुणी ठेवून गोष्ट संपवता आली नाही, त्याला देवांचे वैद्य आणून आधी अंतर मिटवावं लागलं. जुन्या लोकांना पण त्यात काहीतरी खुपत होतं म्हणूनच ना?

हे फक्त आपल्याकडेच नाही. ज्यू लोकांच्या तालमूदमध्ये सॅन्हेड्रिन नावाचा भाग आहे, तिथे बायबलमधल्या "आपल्या मुलीला भ्रष्ट करू नकोस" ह्या आज्ञेचा अर्थ एका रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, असा लावलाय की मुलीला म्हाताऱ्या माणसाला देणारा बाप ही आज्ञा मोडतो. केवढे कडक शब्द आहेत बघ, आणि दोष बापाला दिलाय, मुलीला नाही.

त्रेचाळीस म्हणजे म्हातारा नव्हे, मला कळतं. एखादी चोवीसची मुलगी स्वतःहून असा माणूस निवडेल आणि सुखात राहील. पण तू निवडलेलं नाहीस. बाबांशी एकटीला बोलणं जमत नसेल तर घरातलं कुणीतरी एक माणूस आधी आपल्या बाजूला घे, आजी, आत्या, मोठा भाऊ, जो ऐकेल तो, आणि त्याच्या समोर स्पष्ट "नको" म्हण, कारणं देत बसू नकोस, कारण प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार असेल. आणि त्या माणसालाही कळू दे की तुझी इच्छा नाही. बरेचदा समोरच्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : अस्सलाम वालेकुम. मी २६ चा आहे. एका ३४ वर्षांच्या डिव्होर्सी बाईशी निकाह करायची इच्छा आहे, तिला सात वर्षांची मुलगी आहे. अब्बा गप्प आहेत, पण चुलते म्हणतात कुंवारी मुलगी सोडून हे कशाला, कुफू (बरोबरी) जुळत नाही.

उत्तर : वालेकुम अस्सलाम. तुमच्या चुलत्यांना हजरत खदीजांबद्दल मी काही सांगायची गरज नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. प्रसिद्ध रिवायतीप्रमाणे (परंपरेने आलेल्या कथनाप्रमाणे) निकाहाच्या वेळी पैगंबर २५ चे आणि त्या ४० च्या, आणि त्याआधी त्या विधवा झालेल्या. काही रिवायतींत त्यांचं वय २८ पण दिलंय, तरी मोठ्या त्याच. निकाहाचा प्रस्ताव त्यांच्या बाजूने गेला होता, आणि त्या होत्या तोवर, जवळजवळ २५ वर्षं, पैगंबरांनी दुसरा निकाह केला नाही.

पण तुमच्या केसला जास्त जवळची गोष्ट पैगंबरांचे सोबती हजरत जाबिर यांची आहे, बुखारीच्या हदीस संग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी) आहे. त्यांनी आधी लग्न झालेल्या बाईशी निकाह केला तेव्हा पैगंबरांनी अगदी तुमच्या चुलत्यांचाच प्रश्न विचारला होता की कुंवारी का नाही केलीस? जाबिर म्हणाले, माझे वडील उहुदच्या लढाईत गेले, मागे लहान लहान बहिणी ठेवून गेले, त्यांच्यात त्यांच्यासारखीच एक कोवळी मुलगी आणून काय करू, त्यांचं सगळं बघेल, त्यांना वळण लावेल अशी बाई मला हवी होती. आणि पैगंबरांनी त्यांना दुवा दिली. प्रश्न विचारला, कारण ऐकलं, आणि पसंत केलं. चुलत्यांनी पण एवढंच करावं, तुमचं कारण ऐकावं.

कुफूचं म्हणाल तर फिकहमध्ये (इस्लामी कायदेशास्त्रात) दीन म्हणजे धर्मनिष्ठा, खानदान, पेशा, मालमत्ता अशा गोष्टींची चर्चा आहे, त्यातही मजहबांमध्ये (कायद्याच्या वेगवेगळ्या पंथांमध्ये) मतभेद आहेत, पण वय ही सर्वमान्य अट नाही. मात्र वयाचा विचारच करू नये असंही नाही हं. नसाईच्या हदीस संग्रहात आहे की हजरत फातिमांसाठी अबू बक्र आणि उमर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी मागणी घातली तेव्हा पैगंबर म्हणाले ती लहान आहे, आणि मग अलींनी विचारल्यावर त्यांच्याशी लग्न लावून दिलं. इमाम नसाईंनी ह्या हदीसला मथळाच वयाने जुळणाऱ्याशी लग्न असा दिलाय. म्हणजे बाप म्हणून मुलीसाठी वय बघणं त्यांनाही योग्य वाटलं होतं. पण तुमच्याकडे दोघंही जाणते आहात. तुम्ही मला एक लिहिलं नाहीत, त्या सात वर्षांच्या मुलीला तुम्ही किती वेळा भेटलात? वयाच्या आठ वर्षांपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. मी २९, तो ४७. चर्च हरकत घेईल का? कुणीतरी म्हणालं स्पेशल परवानगी लागते.

उत्तर : नाही लागत. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, लग्नाला आड येणाऱ्या गोष्टींची यादी आहे, कॅनन १०८३ ते १०९४, त्यात कमीत कमी वय आहे, आधीचं लग्न आहे, जवळचं नातं आहे, दत्तक नातं आहे, पण वयातलं अंतर कुठेच नाही. चर्चच्या दृष्टीने लग्न होतं ते दोघांच्या संमतीने, आणि जबरदस्तीने किंवा मोठ्या भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे. तेव्हा फादर लग्नाआधी तुमच्याशी वेगवेगळं बोलतील ते वय जास्त म्हणून अडवायला नाही, हे समजून जा. अंतर मोठं असलं की ते थोडं जास्त खोदून विचारतील, विचारू द्या. संत योसेफ फार वयस्कर होते असं तुम्हाला कुणी उदाहरण देईल, चित्रांत पण तसं दिसतं, पण चारही शुभवर्तमानांत त्यांचं वय दिलेलंच नाही, ती गोष्ट बायबलबाहेरच्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातून आलीये.

प्रश्न : मी बौद्ध कुटुंबातली. नवरा माझ्याहून १९ वर्षांनी मोठा. लग्न माझ्या मर्जीने झालं, मी ३० ची होते, कुणी ढकललं नाही. आता सहा वर्षं झाली. हल्ली तो माझा फोन चेक करतो, ऑफिसमधून उशीर झाला की दहा कॉल, कोण होतं सोबत, का हसत होतीस. रात्री झोपत नाही, उठून बसलेला असतो. काही बोललं की म्हणतो मी वयाने मोठा आहे, तुझ्या भल्याचंच सांगणार, मोठ्यांचं ऐकावं हा धम्मच आहे. मला त्याला सोडायचं नाहीये, पण असं किती दिवस.

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्यावर मी उठून सुत्तनिपात हा पाली बौद्ध ग्रंथ काढला, कारण "रात्री झोपत नाही" हे तुमचे शब्द मला तिथे वाचल्याचे आठवत होते. पराभवसुत्तात आहे. माणसाच्या अधोगतीची कारणं भगवान बुद्ध एकेक करून सांगतायत, त्यात एक गाथा आहे की तारुण्य ओलांडलेला पुरुष तरुण बायको आणतो आणि तिच्याबद्दलच्या ईर्ष्येने त्याला झोप लागत नाही, हे पराभवाचं दार. "तस्सा इस्सा न सुपति". अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तुमच्या घरातली रात्र बघून लिहिल्यासारखं आहे. आणि नीट बघा, त्यात बायकोला एका शब्दाने दोष दिलेला नाही. जागरण त्याचं, ईर्ष्या त्याची, पराभव त्याचा. गाथा तुमच्या नवऱ्याला शिव्या घालायला सांगितली नाही मी, त्याला काय होतंय ते कळावं म्हणून सांगितली. त्याला भीती वाटतेय. आपण उतरणीला लागलो आणि ही अजून तरुण आहे ही भीती. ती भीती समजून घ्या, पण तिच्यापुढे मान मात्र तुकवू नका.

"मोठ्यांचं ऐकावं हाच धम्म" हे नवरा-बायकोच्या नात्यात चालत नाही. सिगालोवाद सुत्तात नवऱ्याने बायकोशी कसं वागावं त्याच्या पाच गोष्टी आहेत, तिचा मान राखावा, अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, अलंकार द्यावेत. ह्यात पाळत ठेवावी असं कुठे आहे? उलट अधिकार द्यावा असं आहे. आणि नकुलपिता-नकुलमाता ह्या जोडप्याला भगवान बुद्धांनी जे सांगितलं ते तुम्ही दोघांनी मिळून एकदा वाचाच. ते दोघं येऊन म्हणाले, ह्या जन्मात एकमेकांना बघत राहिलो तसंच पुढच्या जन्मातही बघत राहावं असं वाटतं, काय करावं? उत्तर असं मिळालं की चार गोष्टी दोघांत सम असू द्या, श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा. सम म्हणजे सारख्या. वय सम हवं असं नाही म्हणाले. तुमच्या १९ वर्षांनी काही बिघडलेलं नाही, बिघडलंय ते शीलाच्या खात्यात, तो जे करतोय त्यात.

फोनला लॉक घाला आणि का घातला ते त्याला शांतपणे सांगा. त्याला डॉक्टरकडे न्या, झोपेसाठी म्हणून न्या हवं तर, ह्या वयात झोप उडणं आणि संशय वाढणं ह्यामागे आजारपणही असू शकतं. आणि जर हात उगारला, एकदा जरी, तर "सोडायचं नाहीये" हे बाजूला ठेवून त्याच दिवशी माहेरी किंवा मैत्रिणीकडे निघा आणि मला परत पत्र लिहा.

प्रश्न : माझे बाबा ६३ चे, आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना एका ५० वर्षांच्या विधवा बाईंशी लग्न करायचंय. भाऊ म्हणतो हे वानप्रस्थाचं वय, धर्माप्रमाणे आता संसार सुटायला हवा, आणि वर १३ वर्षांनी लहान बायको. मला बाबांचं खरं वाटतं पण भावाला काय सांगू?

उत्तर : भावाला विचार, वानप्रस्थाच्या श्लोकात म्हटल्याप्रमाणे बाबांना तो अरण्यात पाठवणार आहे का. मनू म्हणतो सुरकुत्या आणि पांढरे केस दिसले, नातवाचं तोंड पाहिलं की वनात जावं, आणि तिथे पण बायकोला बरोबर नेण्याची सोय दिलेलीच आहे. त्याच मनूने पाचव्या अध्यायात बायको आधी गेलेल्या गृहस्थाला सांगितलंय की अंत्यकर्म झाल्यावर पुन्हा विवाह करावा, पुन्हा अग्नी ठेवावा. बाईंच्या बाजूने पराशर स्मृतीतला 'नष्टे मृते प्रव्रजिते' आहे, पती गेला असता दुसरा पती सांगणारा, ह्याच श्लोकावर ईश्वरचंद्र विद्यासागर उभे राहिले आणि १८५६ मध्ये विधवा विवाहाचा कायदा झाला. बाहेर बघायचं तर बायबलमधल्या अब्राहामने सारा ही बायको गेल्यावर केटूराशी लग्न केलं, आणि तालमूदमध्ये सरळ सल्ला आहे की तरुणपणी लग्न केलं असलं तरी म्हातारपणीही करावं, माणसाने एकटं राहू नये.

भावाचं दुखणं मला वाटतं आईच्या जागेचं आहे. आईचा फोटो, आईचं कपाट, आईचं वर्षश्राद्ध, ह्याचं पुढे काय होणार हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आणि घर-पैशाचं पण असेल, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ते बाबांनी लग्नाआधी कागदावर नीट करून टाकावं, त्या बाईंच्या हक्कासकट. त्या १३ वर्षांनी लहान आहेत म्हणजे बाबांच्या मागे त्यांना बरीच वर्षं काढायचीयेत.

प्रश्न : फक्त आकडा सांगा. कुठल्या धर्मात किती वर्षांचा गॅप योग्य मानलाय?

उत्तर : आकडा हवाच असेल तर विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात आहे, बायको नवऱ्याच्या एक तृतीयांश वयाची असावी, म्हणजे तो तीसचा तर ती दहाची. वाचताना अंगावर काटा येतो. आणि गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगते, वर मी रेवतीची जी गोष्ट सांगितली, युगांनी मोठ्या बायकोची, ती ह्याच पुराणाच्या पुढच्या अंशात आहे. एकाच ग्रंथाने दोन्ही दिलंय, मग आकड्याला धर्म कसं म्हणायचं? शीख परंपरेत गुरु अमरदासांची वाणी आहे की नुसते एकत्र बसतात त्यांना पती-पत्नी म्हणत नाहीत, दोन देहांत एक ज्योत असते त्यांना म्हणतात. शीख रहत मर्यादा ह्या आचारसंहितेतही मुलगी शरीराने, मनाने, स्वभावाने परिपक्व झाली की लग्न, असं सांगितलंय, नवऱ्याशी अंतर किती ते नाही. बहाई लोकांत दोघांची संमती लागते आणि आईवडिलांची पण. तालमूदमध्ये विधवेचं दिराशी लग्न व्हायचा प्रसंग आला तर न्यायाधीशांनी सल्ला द्यावा असं आहे, तो तरुण आणि ती म्हातारी किंवा उलट असेल तर त्याला सांगावं की बाबा रे तुझ्या वयाची बघ, घरात भांडण आणू नकोस. सल्ला आहे तो, बंदी नाही.

प्रश्न : मी त्याच्यापेक्षा फक्त एक वर्ष दोन महिन्यांनी मोठी आहे. त्याला माहीत नाही. माझी मावशी म्हणते सांगायची गरजच काय, तारीख दोन वर्षं पुढची सांगून टाक, देवाला सगळं कळतं.

उत्तर : देवाला कळतं, त्यालाही कळू दे. वर इतके सगळे दाखले दिलेत त्यातल्या एकाही धर्मात खोटं बोलून मिळवलेला होकार चालत नाही, कॅनन लॉमध्ये तर संसारावर गंभीर परिणाम होईल अशी गोष्ट फसवून लपवली आणि होकार मिळवला तर ते लग्नच अवैध धरतात. एक वर्ष दोन महिने हे काहीच नाही गं. पण दोन वर्षं पुढे ढकललेली तारीख मात्र प्रत्येक वाढदिवसाला तुला सांभाळावी लागेल, पासपोर्ट काढताना, बाळंतपणात डॉक्टरने वय विचारल्यावर, शाळेतली जुनी मैत्रीण घरी आल्यावर. ह्या आठवड्यातच सांग त्याला. समोर बसून सांग, मेसेज करू नकोस. आणि तो काय म्हणाला ते मला कळव.